म्हातारीच्या सड्यावर चार चाकं

सगुणला सड्यावरून खाली आणायचं, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. तेही दुपारच्या आत!

सकाळी सात वाजता त्याचा फोन आला तेव्हा मी कोरगावला त्याच्याच घरी चहा पीत बसलो होतो. त्याचा मुलगा साईश फोनवर बोलता बोलता पांढराफटक पडला आणि त्यानं स्पीकर लावला. डिचोलीकडे म्हातारीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, एक खाण आहे, बंद पडलेली. खाण बंद होते, खड्डा बंद होत नाही. पावसाळ्यात तो भरत जातो, आणि पंपानं उपसला नाही तर पाणी बांधावर चढतं. सगुण तिथला पंपवाला. पंधरा दिवस वर एकटा, पंधरा दिवस घरी. श्रावणातला पाऊस चार दिवस थांबला नव्हता. पहाटे वाऱ्यानं पंपाची शेड आडवी झाली आणि छपराचं लोखंडी चॅनल सगुणच्या उजव्या पायावर येऊन बसलं.

"पाय दिसता, पण माझो वाटना," तो म्हणाला. "पाणी बांधाक लागलां. कोणाक तरी धाडा रे." मग फोन गेला तो गेलाच.

अग्निशमन दलाची माणसं पुरात अडकलेल्यांना काढण्यात गुंतली होती. सड्यावर जाणारा चांगला रस्ता दरडीखाली गेला होता आणि तो मोकळा व्हायला संध्याकाळ होणार होती. उरला मागचा रस्ता. रानातून चढणारा, कधीकाळी टिप्पर जायचे तो. बारा वर्षं त्यावर चाक फिरलं नव्हतं. तो रस्ता पाठ असलेला माणूस म्हणजे मी, आणि तो चढेल अशी गाडी म्हणजे साईशची जीप.

मी पांडुरंग. मूळचा बांद्याकडचा. तीस वर्षं त्याच खाणीवर ड्रायव्हर होतो. सगुण आणि मी एका खोलीत राहिलो, एका ताटात जेवलो. खाण बंद पडल्यावर गावी कोण होतं माझं? सगुणच्या शेजारीच खोली घेतली आणि कोरगावकर होऊन बसलो. जीपसुद्धा आमच्या खाणीचीच, नव्वद सालची, फोर-व्हील. लिलावात निघाली तेव्हा सगुणनं घेतली. साईश तिच्यातून पाहुण्यांना तेरेखोलचा किल्ला दाखवायला नेतो. घर त्यावर चालतं.

तर त्या जीपवरून साईशचं आणि माझं आठ दिवस बोलणं बंद होतं.

भांडण हबांचं. साध्या रस्त्यावर ही जीप मागच्या दोन चाकांवर चालते, पण पुढची चाकं फिरताना आतला अख्खा आस फुकट फिरवत राहतात. फ्री-व्हीलिंग हब बसवला की पुढच्या चाकाच्या मध्यावर एक चकती येते. ती ‘फ्री’वर ठेवली की चाक एकटं फिरतं आणि आस आराम करतो. डिझेल वाचतं, स्टिअरिंग हलकं होतं. चढणीला मात्र खाली उतरायचं, दोन्ही चाकांच्या चकत्या हातानं ‘लॉक’वर फिरवायच्या, मगच फोरचा दांडा टाकायचा. एक जरी चकती फ्री राहिली तर पुढची दोन्ही चाकं मेल्यात जमा. जोर सगळा त्या मोकळ्या बाजूनं वाहून जातो.

"दिवसाक साठ किलोमीटर डांबरावरच पळता ती, काका," साईश म्हणाला होता. "रानात महिन्यातून एकदां. त्या एका दिसाखातीर पुढचो आस झिजवत ऱ्हांवचो?"

"तो एक दिसच महत्त्वाचो," मी म्हटलं. "फोर कसो होयो? हाक मारली की ओ देणारो. कपडे बदलून येतंय म्हणणारो नको!"

सगुण फोनवरून म्हणाला, पांडू म्हणतलो तसां कर. साईशनं बापाचंही ऐकलं नाही. पणजीहून हब आणले आणि बसवले. मला राग आला. खरं सांगायचं तर राग हबांचा नव्हता. ज्या गाडीचा नट न् नट मला ठाऊक, तिच्यात मला न विचारता काही घातलं गेलं याचा होता. म्हातारपणी रुसवा अंगाला लवकर चिकटतो. आठ दिवस मी जीपला हात लावला नाही.

त्या सकाळी मात्र साईशनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्याची थोरली बहीण गौरवी आरोग्य केंद्रात नर्स आहे. ती सलाईनच्या बाटल्या आणि पट्ट्या घेऊन मागे चढली. सगुणची बायको सुमंगला कालच्या उंड्यांची, म्हणजे पावांची, पिशवी आत टाकून म्हणाली, "जिवंत हाडा त्यांका." रडली नाही. ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

डिचोली मागे टाकून आम्ही रानाच्या तोंडाशी आलो तेव्हा साडेदहा झाले होते. पाऊस कोसळत होता आणि आभाळ झाडांच्या शेंड्यांपर्यंत खाली आलं होतं. डांबर संपलं तिथं उजव्या हाताला किंदळाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. त्याला विचारल्याशिवाय आमच्यापैकी कोणी ड्रायव्हर कधी वर चढला नाही. साहेब गाडीत असला तरी थांबायचं.

"काका, हांगाच हब लॉक करूक होये," साईश म्हणाला. "दोनूय बाजूंनी. मी उतरतंय."

"बस तू. माका शिकवू नको!"

उतरलो. उजव्या चाकाशी वाकलो, चकती फिरवली. टक् करून बसली. समोरच राखणदार. वाटेत घेतलेली केळी दगडावर ठेवली, विडा ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा, महाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या हद्दीतून जातत, महाराजा! वर सगुण अडकलो असा, तेका सांभाळ, आमका वाट दी, महाराजा!"

"होय महाराजा!" गाडीतून दोघांनी हात जोडून साथ दिली.

गाऱ्हाणं झालं की आमच्यात मागे वळायचं नाही, घुटमळायचं नाही. सरळ आपल्या जागेवर चढायचं आणि पहिला व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तीस वर्षं पाळलेली रीत. पाय आपोआप चालतात. मी सरळ सीटवर चढलो आणि गाडी सुरू केली.

"काका, दुसऱ्या बाजूचो..." साईशनं तोंड उघडलं.

मी त्याच्याकडे असे डोळे वटारून बघितलं, की पोर गप्प झालं. गाऱ्हाण्यात त्याचे डोळे मिटलेले होते, तेवढ्यात काकांनी दुसरा हबही फिरवला असेल असं त्यानं धरलं असावं.

फोरचा दांडा टाकला आणि सुरू झाली चढण! रस्ता कसला, तांबड्या चिखलाची घसरगुंडी. टिप्परच्या चाकोऱ्यांत गुडघाभर पाणी वाहत होतं. कुमयाचं एक झाड आडवं पडलेलं. मी आणि साईशनं कोयत्यानं फांद्या तोडल्या आणि खोड दोरानं बांधून गाडीनं मागे ओढलं. त्यात अर्धा तास गेला. पुढच्या वळणाला दरीकडची कड ढासळली होती. डावी चाकं कडेवर, उजवी डोंगराला घासत! गौरवीनं डोळे मिटून घेतले होते. गाडीचं बूड दोनदा दरीकडे सरकलं. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, कारण पुढची चाकं ओढत नव्हती. पण खाली कातळ होता, मागच्या चाकांनी रेटून नेलं, आणि मी मनात म्हटलं, हीच ती हबांची करणी. असली वस्तू अर्धाच जोर देते!

पावणेबाराला आम्ही सड्याच्या काठावर पोचलो. तिथं एके काळी दिवसाला शेकडो गाड्या लागायच्या. आता काही नाही. टाकाऊ मातीचे डोंगर आणि त्यांवर वाढलेली खुरटी आकेशियाची झाडं. त्यांच्या मधून एक घळ उतरते, आणि घळीच्या पलीकडे सगुणची शेड. जेमतेम अर्धा किलोमीटर!

घळीत पाणी नव्हतं. पाणी परवडलं असतं. खड्ड्याच्या बांधावरून झिरपलेला गाळ होता, पेजेसारखा दाट, तांबडा, हळूहळू सरकणारा.

"धरून बसा!" मी फोरचा दांडा पुन्हा रेटून बघितला, गाडी पहिल्यात घातली आणि उतरवली.

मधोमध गेलो आणि थांबलो. मागची चाकं गरगरली. गाळ आठ-दहा फूट उडाला. गाडी एक इंच हलली नाही! पुन्हा रेस दिली. मागचं बूड खाली बसलं. पुढची चाकं मुकाट. मेलेल्या बैलाचे पाय असावेत तशी.

"हालना, काका!" साईश ओरडला.

"कशी हालतली? हब मोडलो तुझो!" मीही ओरडलो. "सांगितलंलंय ना? सांगितलंलंय ना मी? बापूस थंय मरता आणि तू डिझेल वाचय!"

हे शब्द मी बोललो. आज लिहितानाही जीभ कापून टाकावीशी वाटते.

साईशचं तोंड वेडंवाकडं झालं. त्यानं खाली उडी मारली आणि दगड आणायला धावला. पाऊण तास आम्ही तिघं मागच्या चाकांखाली दगड, फांद्या, पत्रे घालत होतो. सगळं गाळानं गिळलं. उलट गाळ वाढत चालला होता. गौरवीनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि फावडं फेकून दिलं.

"पुरे! साडेबारा झाले. बाबांच्या पायातलं रक्त थांबून सात तास झाले असतील. साईश, चल. चालत जाऊया."

"चॅनल उचलूक जॅक होयो," साईश म्हणाला.

जॅक एकच होता. जॅक त्यांनी नेला तर माझ्याकडे फक्त फावडं आणि दोन हात. मी जॅक काढून साईशच्या खांद्यावर दिला. दोघं गुडघाभर गाळ तुडवत पलीकडे चढली आणि पावसात दिसेनाशी झाली.

मी एकटा राहिलो. गाळ पुढच्या चाकांच्या मधोमध पोचला होता. फावड्यानं ओढावा तेवढा परत येत होता. म्हटलं, निदान कुठला हब मोडला ते तरी बघू. उजव्या बाजूला गाळात हात घातला. बोटांनी चकती चाचपली. लॉक. घट्ट बसलेली, धडधाकट. वळसा घालून डाव्या बाजूला आलो. तिथं खोल होतं. खांद्यापर्यंत हात गेला, गाल गाळाला टेकला. चकती सापडली. खाच कुठे आहे ते बोटानं बघितलं.

फ्री.

पुन्हा बघितलं. फ्री!

मोडलं काही नव्हतं. मी ती फिरवलीच नव्हती. राखणदारापाशी उजवीकडे उतरलो, उजवी फिरवली, गाऱ्हाणं घातलं आणि मागे न वळता वर चढलो. पोरगा विचारत होता, तर त्याचं तोंड बंद केलं. मी, तीस वर्षांचा ड्रायव्हर! त्या गाळात डोकं टेकून मी किती वेळ तसाच राहिलो कोण जाणे. 

मग वरून आवाज आला. डोंगराच्या पोटात काहीतरी सरकल्यासारखा, जाडा. बांध!

मी चकतीला हात घातला. गाळानं धरून ठेवली होती. फिरेना. पक्कड घेतली, निसटली. पुन्हा घेतली. अंगठ्याचं नख मुळापासून उचकटलं. गाळ छातीला लागला. "फिर गे!" मी ओरडलो. "फिर गे बाये!" आणि टक्! हाताला तो धक्का लागला तेवढाच. वर चढलो, गाडी पहिल्यात घातली, क्लच सोडला.

चारही चाकांनी जमीन धरली! जीप थरथरली, पुढचं तोंड वर आलं, आणि इंचाइंचानं, कण्हत, ती घळ चढून पलीकडे गेली. मी रडत होतो की पावसाचं पाणी होतं, ते सांगता येणार नाही.

शेडच्या वाटेवर ती तिघं भेटली. एका पत्र्यावर सगुण, पुढून साईश ओढतोय, मागून गौरवी रेटतेय. सगुणचा पाय गुडघ्याखाली काळानिळा, पट्ट्यांत बांधलेला. डोळे मात्र उघडे. मला बघून म्हणाला, "इलंस? माका वाटलां, वाट चुकलंस."

"हब कसो लागलो?" साईशनं विचारलं.

हीच ती जागा होती. तिथंच सांगायचं होतं. पण जीभ वळली ती भलतीकडे. "चिखल बसललो," मी म्हटलं. "काढलंय."

साईशनं मान हलवली. बापाचं डोकं मांडीवर घेतलं.

परत तीच घळ. आता ती कमरेला लागेल एवढी भरली होती आणि वाहत होती. थांबायला वेळ नव्हता. घातली गाडी! गाळ बॉनेटवर आला. इंजिन गुदमरलं. चाकं घसरली, पुन्हा धरली, पुन्हा घसरली. गौरवी ओरडत होती, "काका, थांबू नका! थांबू नका!" चारही चाकं झुंजत होती आणि पुढची दोन सगळ्यांत जास्त. साईशनं बसवलेले ते हब जीव तोडून ओढत होते. आम्ही वर आलो आणि शंभर पावलं गेलो असू, तोच मागे बांधाचा कोपरा सुटला. सगळी घळ एका दमात भरून तांबडं पाणी टाकाऊ मातीच्या ओसाड डोंगरांकडे धावलं. खाली त्या बाजूला वस्ती नाही, हे नशीब.

 इस्पितळात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते.

सगुण वाचला. पाय गेला. गुडघ्याखाली कापावा लागला. तरुण डॉक्टरीण होती, बिचारीनं हळूच सांगितलं, दोन-अडीच तास आधी आणला असता तर प्रयत्न करता आला असता. साईश भिंतीला टेकून उभा होता. तो तसाच खाली बसला.

पुढचे तीन आठवडे माझ्यासाठी शिक्षा होती. गावात जो तो माझी पाठ थोपटत होता. म्हाताऱ्यानं हातानं चिखल काढून गाडी बाहेर आणली! अनुभव तो अनुभव! हल्लीच्या पोरांना नवं ते सगळं चांगलं वाटतं! साईश तिथंच उभा राहून ऐकायचा आणि मान खाली घालायचा. त्यानं जेवण सोडल्यात जमा केलं होतं. सुमंगला त्याच्यासमोर ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. तिनं एकदाच मला विचारलं, "पांडुरंगदादा, खरोच तेच्या हबांमुळे झाला?" मी उंबरठ्यावर चपला शोधत राहिलो.

सगुण घरी आला त्या दिवशी साईश जीप घेऊन कोरगावच्या गॅरेजात गेला. हब काढायला. हे गौरवीनं मला सांगितलं, आणि म्हणाली, "ते काढून फेकतलो म्हणता. गाडीय विकतलो म्हणता."

मी गॅरेजात पोचलो तेव्हा तो डाव्या चाकाशी बसला होता. पाना लावलेला. मेस्त्री बाजूला उभा.

"काढू नको," मी म्हटलं.

"काका, तुम्हीच बरोबर होते."

"नाय रे. हब बरोबर हुते. ह्यो डावो मी फिरवूकच नाय. राखणदाराकडे विसरलंय. तू विचारलंस, तर मी तुका बोलूक दिलंय नाय. गाळात हात घातलंय तेव्हा ह्यो फ्रीवर हुतो. चिखल-बिखल काय नव्हतो. मी खोटा बोललंय."

मेस्त्रीनं तोंड फिरवलं. साईश पाना हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, मारतोय आता. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"बाबांक सांगितलं?" त्यानं विचारलं.

"नाय."

"चला."

जीपमध्ये बसून आम्ही गेलो.  सगुण माजघरात कॉटवर होता, पांघरुणाचा उजवा भाग सपाट. मी त्याच्या पायाशी, म्हणजे पाय होता त्या जागेशी, उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून. साईशला काय काय बोललो तेही. सुमंगला दारात येऊन उभी होती, तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

 माझं संपल्यावर सगुणनं आधी मुलाकडे पाहिलं. हात पुढे केला. साईश जवळ गेला तेव्हा त्याच्या डोक्यावरून तो हात फिरवला, लहानपणी फिरवायचा तसा, आणि साईश तीन आठवड्यांचं एकदम रडला. मला तिथं बघवेना.

मग सगुण कूस वळवून भिंतीकडे तोंड करून पडला.

"पांडू, आज जा तू."

इतक्या वर्षांत त्यानं मला कधी जा म्हटलं नव्हतं. मी निघालो. घरातून बाहेर पडताना माणूस ‘येतंय’ म्हणतो. शत्रूच्या घरातूनही म्हणतो. माझ्या तोंडून तो शब्द फुटेना. कुठल्या तोंडानं म्हणायचं? उंबरठा ओलांडला, पायरी उतरलो.

"पांडू!" आतून सगुणचा आवाज आला. अजून भिंतीकडेच तोंड करून बोलत असणार, आवाज तसा दबलेला होता. "येतंय म्हण."

मी पावसात उभा राहिलो. 

"येतंय," मी म्हटलं.